सरकारांचा मेंदू आणि माझं मौन

…आणि वर मलाच विचारतात, 'एवढे नवस करून मिळालं काय?' अहो, मिळालं काय म्हणजे? नवस म्हणजे काय किराणा आहे, पिशवी पुढे केली की सामान पडलं? तुम्हाला सांगते, मी आयुष्यात पुष्कळ नवस केले, पण एक असा केला की तो ऐकून आमचे हे खुर्चीवरून पडायचेच राहिले. देवापुढे हात जोडून मी म्हटलं होतं, 'देवा, माझी लेक मला हाक मारत नाही तोवर दर आठवड्याला एक सकाळ मी तोंडातून शब्द काढणार नाही.' मौन! मी! ह्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'अगं, देव घाबरेल. त्याला वाटेल तुला काही झालं.' तर सासूबाई आतून म्हणतात, 'करू दे रे तिला. मीठ सोडून झालं, साखर सोडून झाली, गादी सोडली, आरसा सोडला… आता सोडण्यासारखं तिच्याकडे तोंडच उरलंय!'

आरसा सोडला होता हे खरं. त्या वर्षी उलटा स्वेटर घालून अख्खा बाजार फिरून आले, आणि लोक वळून वळून बघतायत म्हणून मी मनात म्हणते, बघ, व्रताचं तेज आलं चेहऱ्यावर!

पण मौन म्हणजे… तुम्हाला सांगते, पोटात शब्दांचा असा पूर येतो, असा पूर येतो की दुपारी तोंड उघडलं की पहिली दहा वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडतात.

आता लेक म्हणजे कोण, ते सांगते. लेक म्हणजे आमच्या सरकार. नाव चांगलं ठेवलंय हो, पण हाक सगळे 'सरकार' अशीच मारतात, कारण घरातले सगळे कायदे तिचे. निळा कप खिडकीशीच. पडद्याचं टोक दुमडलेलं नको. लिफ्टमध्ये आधी तिनं पाय ठेवायचा, मग प्रजेनं. विशीला टेकल्यात सरकार, उंचीनं माझ्या डोक्यावर गेल्यात, पण कायदा मोडला की अजूनही कान दाबून खाली बसतात आणि असा आवाज काढतात… नको, तो आवाज मी काढून दाखवणार नाही. बाकी सगळ्यांचे काढीन. तो नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑटिझम. दुसरे डॉक्टर म्हणाले, स्वमग्नता. म्हणजे तेच, पण आपल्या भाषेत सांगितलं की जास्त लागतं. आणि स्वमग्न म्हणे! आमच्या घरात? हे पेपरात मग्न, सासूबाई गुडघ्यांत मग्न, मी देवात मग्न, आणि शिक्का कुणावर? तिच्यावर!

बोलत नाही असं मुळीच नाही. बोलते. पण सगळं दुसऱ्यांचं. लिफ्टमधली बाई बोलते ना, 'कृपया दारापासून दूर राहा', ते हुबेहूब. फोनमधली बाई, 'आपण प्रतीक्षेत आहात', तेही. एकदा शेजारच्या काकांनी दार वाजवलं, तर हिनं आतून त्या फोनवालीच्या गोड आवाजात सांगितलं, 'आपण प्रतीक्षेत आहात,' आणि तो भला माणूस भाजीची पिशवी घेऊन किती वेळ बाहेर उभा! ह्यांचं रोजचं रडगाणं 'किल्ली कुठाय?', ते पण म्हणते. मग आम्ही धावतो, किल्ली आणून हातात देतो. ती किल्लीकडे बघते, आमच्याकडे बघते, किल्ली खाली ठेवते आणि परत, 'किल्ली कुठाय?' मग दुसरी देतो. कपाटाची, पेटीची, जुन्या सायकलीची… सायकल विकली, तिची किल्ली सांभाळलीय, का, तर सरकारांना लागते! सासूबाई उठताना गुडघ्यांना उद्देशून 'आई गं' म्हणतात, तर तेही उचललं. पहिल्यांदा म्हणाली ना, 'आई गं…' तेव्हा मी हातातलं पातेलं तिथेच सोडून पळत आले. तर ही सासूबाईंच्या खुर्चीकडे तोंड करून उभी. नक्कल! आणि स्वयंपाकघरात दूध जमिनीभर.

आणि माझं? माझं काय उचलणार, मी दिवसभर जे बोलते तेच. न्हाणीघरात साबण निसटला की आतून आवाज, 'तुम्हाला सांगते!' स्वेटरात डोकं अडकलं, 'तुम्हाला सांगते!' हे हसायचे, 'तुझीच टेप लागली गं.' मी जायचे, साबण द्यायचे, डोकं सोडवायचे, आणि तेवढ्यात शिकवणी, 'असं नाही म्हणायचं राजा. आई म्हण. आ… ई…' ती माझ्या ओठांकडे बघत राहायची. जसं काही मीच मंद आहे.

तिला बोलायला शिकवायला एक बाई यायच्या. माझा फोटो पुढे धरून म्हणायच्या, 'ही कोण?' सरकार म्हणायच्या, 'ही कोण.' बाई म्हणायच्या, 'छान!' मला काही छान वाटायचं नाही हो. माझ्याच घरात माझ्या फोटोला 'ही कोण'!

आता हे जे सांगते ना, ते मी फारसं कुणापुढे काढत नाही. आमच्या घरात आणखी एक मुलगी राहते.

अहो, घाबरू नका, दुसरं बाळंतपण नाही. सरकार वर्षाची होती ना, तेव्हा म्हणायची, 'आई'. स्पष्ट. कडेवर बसून माझा कान धरून म्हणायची. आणखीही शब्द होते, पाणी, दिवा, ये, नको… आणि मग ते एकेक करून गेले. समारंभ उरकला की पाहुणे कसे उठतात, चपला शोधतात, एक गेला, दोन गेले, आणि आपण भांडी आवरून बाहेर येतो तर बैठक रिकामी! तसं. 'आई' सगळ्यात शेवटी गेलं. तर ती जी 'आई' म्हणणारी होती, ती कुठे गेली? कुठेतरी गेली असणारच ना? वस्तूसुद्धा हरवली तर कुठेतरी असते! तुम्हाला सांगते, ती दुसरी माझ्याबरोबर राहायला लागली. वाढायलाही लागली. सरकार दहाची झाली तेव्हा ती पण दहाची. मी घड्या करत असले की ती दारात उभी, वेणी स्वतःची स्वतः घातलेली, आणि म्हणते, 'आई, माझी निळी ओढणी दिसली का?' मी वळते. दारात पडदा. टोक दुमडलेलं. ते सरळ करते, नाहीतर सरकार रागावतील.

भूत म्हणाल तर भूत. पण तिची भीती नाही वाटायची मला. भीती वाटायची ती खरी मुलगी समोर बसलेली असताना मी दाराकडे बघते ह्याची.

आणि नातेवाईक! येऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि उठताना पायरीवर थांबून म्हणायचे, 'आत आहे हो ती! आत कुठेतरी बसलीय. फक्त दार उघडायला हवं.' झालं! त्यांचं बोलणं चहाबरोबर संपलं, माझ्या डोक्यात ती आत कडी लावून बसली. सगळे नवस त्या कडीसाठी. मीठ सोडलं, कडी हलली नाही. तोंड सोडलं… तर तिथून पुढची गोष्ट.

एक दिवस फोन आला. मुलं आणि विशीतली पोरं, ह्यांच्या मेंदूची वाढ कशी होते, ऑटिझम असलेल्यांची कशी आणि नसलेल्यांची कशी, हे वर्षानुवर्षं बघणारं एक काम चाललंय, तुमच्या मुलीला त्यात यायला आवडेल का? मागाहून ते काम करणाऱ्या बाईच घरी आल्या. तरुण, सडपातळ, बोलताना चष्मा डोक्यावर आणि वाचताना तोच चष्मा शोधणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात मेंदूबाई म्हणते. त्यांनी सांगितलं, मोठं चुंबकाचं यंत्र असतं, सुई नाही, कापणं नाही, आत निपचित पडायचं, यंत्र फार आवाज करतं, पण मेंदूचं चित्र निघतं.

हे म्हणाले, 'ह्यानं मुलगी बरी होणार आहे का?'

मेंदूबाई म्हणाल्या, 'नाही. एका चित्रावरून एका मुलीबद्दल फारसं सांगताही येणार नाही. पुष्कळ मुलांची चित्रं जमली की थोडं काही कळेल.'

सासूबाई म्हणाल्या, 'मग कशाला तिचे हाल?'

आणि मी म्हटलं, 'आम्ही येतो.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विज्ञानाला मदत होईल, पुढच्या लेकरांचं भलं होईल… खोटं नाही, तेही मनात होतंच. पण तुम्हाला सांगते, मला काय हवं होतं? आतलं दिसतं म्हणाल्या ना त्या! मला ती खोली बघायची होती. कडी कुठल्या बाजूला आहे, एवढंच.

पण आधी सराव. आवाजाची फीत दिली होती, रोज थोडी लावायची, म्हणजे कानाला सवय. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ काय, तर टक टक टक टक, घुंई… ढम ढम ढम ढम! खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, 'भिंत पाडताय का?' जेवणाचं टेबल म्हणजे बोगदा, वरून चारी बाजूंनी गोधडी. सरकार आधी लांबूनच बघत होत्या, कानावर हात. मग म्हटलं आपण करून दाखवू, मूल बघून शिकतं! मी घुसले. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पुढचं… पुढचं नाही गेलं. हे माझे पाय धरून ओढतायत, सासूबाई सूचना देतायत, 'श्वास सोड, श्वास सोड! अगं, सोडायचं म्हटलं की सगळं सोडतेस, श्वास तेवढा धरून बसलीस!' आणि वरून ढम ढम ढम ढम. तेव्हा सरकार आल्या, वाकल्या, माझ्या तोंडाशी तोंड आणून बघितलं आणि लिफ्टवालीच्या आवाजात म्हणाल्या, 'कृपया दारापासून दूर राहा.'

दुसऱ्या दिवसापासून टेबलाखाली त्या स्वतः जाऊन झोपायला लागल्या. निपचित! गोधडी खाली ओढून घेऊन! मला वाटतं, ह्या घरात तिला पहिल्यांदाच अशी जागा मिळाली होती जिथे कुणी 'आ… ई…' करत नव्हतं.

तुलनेसाठी आईचंही चित्र हवं होतं त्यांना. माझं आधी झालं. गळ्यातलं, कानातलं, केसातलं सगळं काढून ठेवलं, आत गेले, नाकासमोर भिंत, आणि सुरू, ढम ढम ढम! मी तर घट्ट डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. मनातल्या मनात हं! बाहेर आले तर यंत्रावरचा दादा तोंड पाडून बसलेला. 'मावशी, तुम्ही बोलत होतात का?' मी म्हटलं, 'छे! एक अक्षर नाही.' मेंदूबाईंनी चित्र दाखवलं. सगळं फराटलेलं, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं. 'ओठ हलले की हनुवटी हलते, हनुवटी हलली की डोकं हलतं,' त्या म्हणाल्या. म्हणजे बघा! देवाचं नाव घेतलं तर माझा मेंदू पुसला गेला! हे म्हणाले, 'चित्र बरोबर आहे, बाई. आत असंच आहे.'

मग सरकारांचा दिवस आला. आणि नेमकी माझी मौनाची सकाळ! हे म्हणाले, 'आजच्या दिवस सोड.' मी मान हलवली, नाही. नेमका आजच कसा सोडू? आज तर ती कडी दिसणार!

तर आम्ही त्या इमारतीत. लांब ओसरीसारखी वाट, दोन्हीकडे दारं, साबणाचा वास. खिडकीमागचा माणूस विचारतो, 'नाव?' मी बोट सरकारांकडे. 'नाव काय तुमचं?' मी पुन्हा बोट तिकडे. त्याला वाटलं बाईंना ऐकू येत नाही. तो ओरडला, 'ना-ऽ-व?' सरकारांनी कान दाबले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, त्यालाच गप्प करतेय! आणि ह्यांना गाडी लावायला जागाच मिळेना. शेवटी त्या माणसानं विचार करून निळा झगा उचलला आणि दिला कुणाला? मला! कारण आमच्या दोघींपैकी सरकार शांत उभ्या आणि हातवारे कोण करतंय? मी!

मेंदूबाई आल्या म्हणून वाचले, नाहीतर पुन्हा मीच आत गेले असते.

सरकार आत गेल्या. काचेपलीकडे ती पांढरी खोली आणि तो बोगदा. कानांवर जाड गाद्या, हातात रबरी फुगा. भीती वाटली तर दाबायचा, की माणसं आत येतात. तिचे फक्त पाय दिसत होते मला. मोजे उलटे घातलेले, कारण शिवण बोटांना टोचते, हाही एक कायदा. दार लागलं. आणि आमची फीत म्हणजे काहीच नाही हो, असा आवाज सुरू झाला… ढम ढम ढम ढम… मी काचेला हात लावून उभी. काचेत माझंच प्रतिबिंब. आणि माझ्या मागे, तुम्हाला सांगते, ती उभी होती. दुसरी. वेणी घातलेली, निळी ओढणी सापडलेली. तीही आत बघत होती.

मला वाटलं, आता निघणार चित्र. आता कळणार, ही आत आहे का ती बाहेर आहे.

मध्येच आवाज थांबला. दोन चित्रांच्या मध्ये यंत्र जरा गप्प होतं. एवढी शांतता… आणि त्या दादाच्या टेबलावरच्या छोट्या जाळीतून आवाज आला.

'तुम्हाला सांगते?'

दादा बटण दाबून म्हणाला, 'हां ताई, सांगा.'

आतून काही नाही. मग परत, 'तुम्हाला सांगते?'

'सांगा ना! काय होतंय?'

तो वाट बघतोय. हे आले होते तोवर, धापा टाकत, ते त्याला म्हणाले, 'काही नाही हो, आईची नक्कल करते.' रोजचंच वाक्य. मीही रोज हेच म्हणायचे. पण त्या सकाळी मी काही बोलतच नव्हते! उठल्यापासून एक शब्द नाही. मग नक्कल कशाची? माझ्या तोंडातून जे आलंच नाही, ते तिनं उचललं कुठून? आणि शेवटचा तो चढा सूर… मी तर असं कधी म्हणत नाही. मी म्हणते ते खाली पडतं, पुढे काहीतरी सांगायचं असतं. हिचं वर चढत होतं आणि थांबत होतं. साबण निसटला की तसंच. स्वेटरात डोकं अडकलं की तसंच. न्हाणीघरातून, जिन्यातून, तापात, इतकी वर्षं, असंच वर चढून थांबत होतं. वाट बघत होतं.

अहो, कावळा काव काव करतो म्हणून तान्ही पोरं त्याला 'काव' म्हणतात. कुत्र्याला 'भू भू' म्हणतात. मग दिवसभर 'तुम्हाला सांगते, तुम्हाला सांगते' असा आवाज करणाऱ्या त्या बाईला काय म्हणायचं?

जाळीतून पुन्हा आलं, जरा बारीक, 'तुम्हाला सांगते…?'

नवस? मौन? तुम्हाला सांगते, मला देवही आठवला नाही त्या क्षणी. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, 'ओ!'

दादा दचकून म्हणतो, 'मावशी, बटण! बटण दाबल्याशिवाय तिला ऐकू जात नाही!'

बघा! इतक्या वर्षांची साठलेली ओ, आणि बटण दाबलं नव्हतं! त्यानं माझं बोट धरून बटणावर ठेवलं. मी म्हटलं, 'ओ, राजा. आहे मी. इथेच आहे.'

जाळीत नुसती खरखर. तिचे उलटे मोजे एकदा हलले. मग तो फोनवालीचा गोड आवाज आला, 'आपण प्रतीक्षेत आहात.' आणि पाय स्थिर. पुढचं सगळं ढम ढम संपेपर्यंत जरासुद्धा हलली नाही माझी बाय.

तिचं चित्र इतकं सुरेख आलं म्हणता! अक्रोडासारखं, रेघ न् रेघ कोरलेली. मेंदूबाई खूश. मी विचारलं, 'बाई, ती कुठल्या बाजूला असते?'

'कोण ती?'

'आत बसलेली. जी बोलायची.'

त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. हसल्या नाहीत, त्याचे मी फार उपकार मानते. म्हणाल्या, 'आई, आत दुसरं कुणी नाही. हा मेंदू सगळा हिचाच आहे.'

मग समजावून सांगितलं. म्हणाल्या, लहानपणी मेंदूत वाटाच वाटा फुटतात, गरजेपेक्षा जास्त. पुढे वापरातल्या रुळतात, नको त्या बुजत जातात. ऑटिझम असलेल्यांत काहींच्या बाबतीत असं दिसतंय की सुरुवातीची वाढ भराभर होते, आणि वाटा बुजतात कमी किंवा वेगळ्या तऱ्हेनं. 'पण हे सगळ्यांचं सरसकट नाही,' त्या दोनदा म्हणाल्या, 'आणि आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.' मी म्हटलं, 'म्हणजे दार बंद नाही?' त्या म्हणाल्या, 'पक्कं कुणी सांगू शकणार नाही. पण मला विचाराल तर, काही मुलांना उलट फार दारं असावीत. सगळी उघडी. पंखा, मोज्याची शिवण, लिफ्टवाली, तुम्ही, सगळे एकदम आत येत असतील.'

तुम्हाला सांगते, मी जन्मभर त्या पोरीचं दार ठोठावत होते, आणि बिचारी आत पाहुणे आवरता आवरता दमली होती!

'आणि वाढ संपली का हो हिची?' मी विचारलं. तर म्हणाल्या, 'छे, विशी ओलांडेपर्यंत मेंदू घडत असतो. त्यानंतरही बदलतोच. तुमचासुद्धा.' माझा? पुसलेला? पण किती बरं वाटलं म्हणून सांगू.

काचेकडे बघितलं. ती दुसरी अजून तिथेच होती. तिच्यासाठी आजवर कुणी रडलं नव्हतं. कशाला रडतील? ती हरवली असंच कुणी धरलं नव्हतं, सगळे म्हणत होते आत आहे. मी रडले. झग्याच्या बाहीला डोळे पुसून रडले… हो, तो झगा अजून माझ्याच हातात होता.

घरी आलो. ह्यांना सगळं सांगितलं, दुपार झाली होती, दोन-दोन वाक्यं एकदम येत होती. तेवढ्यात सरकारांनी पडद्याशी उभं राहून म्हटलं, 'किल्ली कुठाय?' मी किल्ली आणायला उठले, तर ह्यांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, 'ओ.'

सरकार आल्या, ह्यांच्याशेजारी बसल्या. झालं. एवढंच हवं होतं! ह्यांनी खण उघडला. खणभर किल्ल्या. 'इतकी वर्षं ती मला बोलावत होती गं,' म्हणाले, 'आणि मी तिला सायकलीची किल्ली देत होतो.' आणि सासूबाई? त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटली, पण पेटली ती लख्ख. 'म्हणजे "आई गं" म्हणते ती मला! म्हणजे ह्या घरात आई मी!' तुम्हाला सांगते, माझ्या नवसाचा शब्द त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच अडवून ठेवला होता, आणि देवानं मला जे द्यायचं ते केव्हाच देऊन टाकलं होतं. मीच 'असं नाही म्हणायचं राजा' करत परत पाठवत होते.

तर म्हटलं, नवस फिटला! आता मौन सुटलं! ह्यांचा चेहरा असा पडला म्हणता… सासूबाई म्हणतात, 'तेवढी एक सकाळ राहू दे की गं. देवाला बरं दिसत नाही लगेच सोडलेलं.' देवाला! त्यामुळे मौन चालूच आहे. आणि खरं सांगू? त्या सकाळी सरकार माझ्याजवळ येऊन बसतात. एरवी नाही.

ती दुसरी येते अजून. नाही कशाला म्हणू? घड्या करताना येते, दारात उभी राहते. मी मान हलवते, पण आत ये म्हणत नाही. ओढणी सापडली तिची, आता जाईल हळूहळू.

आता रात्रीची झोप उडवते ती वेगळीच गोष्ट. मी आहे तोवर ठीक आहे हो. पण मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? उद्या मी नसेन. ती कुठल्या तरी खोलीत असेल, साबण निसटेल, आणि ती म्हणेल, 'तुम्हाला सांगते?' तिथली माणसं चांगलीच असतील, मी देवाजवळ तेवढं मागितलंय. कुणीतरी मायेनं म्हणेल, 'हां ताई, सांगा.' आणि वाट बघेल. आणि तीही वाट बघेल. दोघं समोरासमोर उभी राहतील, आणि कुणालाच कळणार नाही की ती काही सांगत नाहीये, ती हाक मारतेय.

म्हणून मी जिथे चार माणसं भेटतील तिथे हे सांगत सुटते. लोक म्हणतात, बाई फार बोलते. बोलते! कारण जितक्या लोकांना माहीत, तितकी ओ द्यायला माणसं. आता तुम्हालाही माहीत झालं. मी जन्मभर नवस केले, तुम्ही माझ्यासाठी एक छोटासा करा. मीठ नको, साखर नको. आठवड्यातली एक सकाळ गप्प बसा, आपल्या घरात कोण कशाला काय म्हणतंय ते ऐका. आणि कुठे, कधी, एखादी उंचशी मुलगी मोजे उलटे घालून तुमच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'तुम्हाला सांगते?', तर 'सांगा' म्हणू नका. फक्त ओ द्या. एवढंच.

एकदा म्हणून दाखवता का, सरावाला? माझ्या जिवाला बरं वाटेल. हं, म्हणा…

एवढ्या सगळ्यांची मिळून इतकीच?

असू दे. मोठा आवाज तिला सोसतही नाही.